कामिनीचं कुंपण

नौपाड्यात आमच्या सोसायटीला कामिनीचं कुंपण आहे. इमारत जुनी, तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. घंटाळी देवीच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर. पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली की काही दिवसांनी एका रात्रीत ते सगळं कुंपण फुलतं. सकाळी खाली उतरावं तर फरशीवर पांढऱ्या पाकळ्यांचा सडा पडलेला, आणि वास असा की गोखले रोडवरच्या गाड्यांचा धूर घटकाभर विसरायला होतो.

मी मूळचा वरूड तालुक्यातला, संत्र्याच्या मुलखातला. नोकरीपायी ठाण्यात आलो आणि इथलाच झालो. पहिल्या पावसाळ्यात हा वास आला तेव्हा मी जिन्यातच थांबलो होतो. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो तेव्हा शिवारभर रात्रंदिवस हाच वास असतो. माणूस खाटेवर पडलेला असो की बैलगाडीत बसलेला, त्यातून सुटका नाही. नौपाड्याच्या गल्लीत तो वास आला आणि मला वाटलं, कोणीतरी गावाकडून आलं.

पुढं एकदा माय-बाबा ठाण्याला आले. माय दोन दिवस घरात घुसमटली आणि तिसऱ्या दिवसापासून खाली कुंपणाजवळ जाऊन बसायला लागली. निघताना म्हणाली, "बाबू, हे झाड आपल्या बगीच्यातल्या घरापुढं लाव ना. कुंपण होईन अन् फुलंबी भेटन."

आमच्याकडे संत्र्याच्या बागेला बगीचा म्हणतात. बाबांनी बगीच्यातच दोन खोल्यांचं घर नुकतं बांधलं होतं. मी ठाण्यातल्या एका रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून कामिनीच्या सहा पिशव्या घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि अमरावतीच्या रात्रीच्या गाडीत बाकाखाली ठेवून नेल्या. रात्रभर कुणाचा पाय लागू नये म्हणून जपत होतो. पुढं एसटीनं मोर्शीवरून गावात. घरापुढं ओळीनं सहा खड्डे केले. तिथून संत्र्याची पहिली ओळ वीस पावलांवर होती. पुढच्या वर्षी बाबांनी त्याच झाडांच्या बियांपासून आणखी रोपं केली आणि कुंपण पुरं झालं.

त्यातलं एक पान मी तेव्हाच बोटांत चुरडलं होतं. लिंबाच्या पानासारखा वास आला. पुढं फळं धरली, शेंगदाण्याएवढी, पिकून लाल झालेली. जवळून पाहिलं तर सालीवर संत्र्यासारखेच तेलाचे बारीक ठिपके. मायला मी गंमत म्हणून दाखवलं, "पाय, तुझं बोटभर संत्रं." ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढं ती मला फार टोचली.

सात-आठ वर्षं गेली. घराच्या बाजूच्या ओळीत तीन-चार झाडांची पानं पिवळी पडायला लागली. बाबांना वाटलं जस्ताची कमतरता. आमच्याकडे पान पिवळं पडलं की पहिला संशय जस्तावरच. झिंक सल्फेटच्या दोन फवारण्या झाल्या. एका फांदीवर पान सुधारल्यासारखं वाटायचं, दुसरी फांदी तशीच. पुढच्या हंगामात फळं बारकी राहिली, एका अंगानं कलती, देठाकडं रंग आलेला आणि बुडाशी हिरवीच. चिरली तर बी काळपट, वांझ. चव कडसर. बाबांनी एक फोड तोंडात टाकली आणि काही न बोलता थुंकली.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले एक शास्त्रज्ञ तालुक्याला आले होते, त्यांना बाबांनी हातापाया पडून बगीच्यात आणलं. मीही तेव्हा गावीच होतो. त्यांनी एक पान उन्हात धरलं. म्हणाले, "जस्त कमी असेल तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा दिसतो. इथं बघा, डावीकडचा डाग उजवीकडच्या डागाशी जुळत नाही." मग ते झाड सोडून घराकडं चालायला लागले. कामिनीच्या छाटलेल्या कुंपणावर नुकती कोवळी फूट आली होती. त्यातला एक शेंडा त्यांनी वाकवला. पानाच्या बेचक्यात पिवळसर-नारिंगी पिल्लं चिकटलेली, मागं मेणाचे पांढरे धागे. आणि एक मोठा कीटक, तीन-चार मिलिमीटरचा, डोकं टेकवून आणि मागचा भाग वर उचलून तिरपा बसलेला, जणू पानात काटा रुतला आहे.

"सायला," ते म्हणाले. "हे झाड इथं कोणी लावलं?"

माय दारात उभी होती. मी म्हटलं, "मी."

त्यांनी सांगितलं आणि नंतर मी स्वतः जमेल तसं वाचून काढलं, ते असं. या रोगाला ग्रीनिंग म्हणतात. चिनी शेतकरी त्याला ह्वांगलाँगबिंग म्हणायचे, म्हणजे पिवळ्या फुटीचा रोग. तो एका जीवाणूमुळं होतो. जीवाणू राहतो झाडाच्या सालीलगतच्या अन्नरसाच्या नळ्यांत. त्याचं नाव लिबेरिबॅक्टर, आणि लॅटिनमध्ये 'लिबेर' म्हणजे सालच. नळ्या तुंबतात. पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. झाड वरून उभं दिसतं आणि खाली मुळं उपाशी मरत असतात. लागण झाल्यावर लक्षण दिसायला काही महिने, कधी काही वर्षं जातात. झाड पुरतं बरं करणारं औषध अजून नाही.

विदर्भात आणि देशात इतरत्र संत्र्या-मोसंबीची झाडं शेंड्याकडून वाळत जायची, त्याला शेंडेमर म्हणायचे आणि जमीन, पाणी, खत अशा सगळ्यांना दोष द्यायचे. कारणं पुष्कळ होतीही, पण त्यातलं एक मोठं कारण ग्रीनिंग होतं. पुण्यातल्या कृषी संशोधन केंद्रात काम करणाऱ्या कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी १९६७ साली दाखवून दिलं की भारतात हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारा कीटक सायला आहे. दुसरा वाहक माणूस. रोगी झाडाचा डोळा जंबेरीवर भरला की कलम जन्मतःच रोगी. दिसायला ते हिरवंगार असतं, विकलंही जातं.

आणि कामिनी? ती संत्र्याच्याच कुळातली, रुटेसी कुळातली. याच कुळात आपला बेल आहे, कवठ आहे, कढीलिंब आहे. सायला अंडी घालतो ती फक्त कोवळ्या फुटीवर. संत्र्याला फूट येते ती वर्षातून ठरावीक वेळी. कामिनीचं कुंपण मात्र माणूस महिना-दीड महिन्यानं छाटतो, आणि दर छाटणीला नवी फूट निघते. म्हणजे बगीच्यात खायला नसेल तेव्हाही कीटकाची पंगत कुंपणावर चालूच. कढीलिंबावरही सायला मजेत वाढतो, पण तो जीवाणू त्यात टिकत नाही. कामिनीत मात्र तो सापडलेला आहे, बहुतेक वेळा थोडा, आणि झाड वरून पाहावं तर ठणठणीत.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा कीटक १९९८ साली पहिल्यांदा दिसला. तिथं तो राज्यभर पसरायला मोठी मदत झाली ती दुकानांतून विकल्या जाणाऱ्या कामिनीच्या कुंड्यांची. २००५ मध्ये रोग सापडला. २००३-०४ साली तिथं संत्र्यांच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या. वीस वर्षांनी त्या दोन कोटींच्या आत आल्या. वादळांनीही हात दिला, पण बागा आधीच खचलेल्या होत्या. ब्राझीलच्या पाराना राज्यात तर कामिनी लावायला आणि विकायला कायद्यानंच बंदी आहे. त्या फ्लोरिडातल्या माणसांनी कुंड्या उचलल्या त्या फुलांच्या वासासाठी. मीही त्यातलाच एक.

नागपुरात पानांच्या शिरांची तपासणी झाली. आमच्या चार झाडांत जीवाणू निघाला. कामिनीच्या पानांत निघाला नाही. मी फोनवर विचारलं, "म्हणजे कामिनी निर्दोष?" ते म्हणाले, "आज, या पानांत नाही. एवढंच सांगता येतं. तुमच्या कलमांतूनही आलेला असू शकतो."

त्या एका वाक्यावर आमच्या घरात महिनाभर खटला चालला. ती कलमं बाबांनी घेतलेली, ओळखीच्या माणसाकडून, दोन रुपये स्वस्त पडतात म्हणून. कामिनी मी आणलेली. मागितलेली मायनं. मी मनात म्हणायचो, कलमांतूनच आला असणार. बाबा तोंडानं म्हणायचे, "कलमा चांगल्या होत्या. इतकी वर्षं काहून नाही झालं काही?" माय म्हणायची, "त्या झाडाचा काय गुन्हा हाये? फुलंच देते ना ते." तिघंही खरं बोलत होतो आणि तिघंही आपापली सुटका शोधत होतो. कामिनी दोषी ठरली की बाबा सुटत होते. कलमं दोषी ठरली की मी.

लहानपणी गावातल्या सप्त्यात कीर्तनकारांनी सांगितलेली मांडव्य ऋषीची गोष्ट मला त्या दिवसांत फार आठवायची. मांडव्याला चोर समजून राजानं सुळावर चढवलं. पुढं त्यानं यमाला विचारलं, हे कोणत्या पापाचं फळ? यम म्हणाला, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य भडकला. एवढ्याशा, नकळत्या वयातल्या चुकीला सूळ? त्यानं नेम घालून दिला की चौदा वर्षांपर्यंत घडलेलं पाप म्हणून धरायचं नाही, आणि यमालाच माणसाच्या जन्माला घातलं. तोच विदुर.

नकळत केलेल्याचं पाप लागत नाही, असं आपण ही गोष्ट सांगून सोडून देतो. पण मांडव्यानं सूट दिली ती चौदा वर्षांपर्यंत. पुढच्याला नाही. मी पिशव्या नेल्या तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. पान चुरडून वास घेतला होता. फळ बघून त्याला संत्रं म्हणालो होतो. जे नाकाला आणि डोळ्याला कळलं, ते मी डोक्यापर्यंत जाऊ दिलं नाही. परक्या गावचं रोप बगीच्यात नेताना कोणाला तरी विचारावं, एवढं संत्र्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सुचायला हरकत नव्हती. तेव्हा मला माहीत नव्हतं हे खरं, आणि मी विचारलं नाही हेही तितकंच खरं. पहिल्यानं माझा दोष हलका होतो. दुसऱ्यामुळं तो पुरता जात नाही. कामिनीचं मात्र तसं नाही. तिला विचारता येत नाही, सांगता येत नाही. ज्याला कळू शकतं त्याच्यावरच जबाबदारी येते, आणि म्हणून झाडावर फोडलेलं खापर शेवटी माणसाच्याच डोक्यावर येऊन पडतं.

पण खरा प्रश्न मागचा नव्हताच. तो बांधापलीकडं उभा होता.

बांधापलीकडं बाबांच्या चुलत भावाचा बगीचा. बांधावरून जुनी बोलाचाली होती, लग्नकार्यापुरतं येणंजाणं. आमची चार झाडं रोगी आहेत हे आता आम्हाला कळलं होतं. ती ठेवली तर सायला त्यांच्यावर बसून उद्या काकांच्या झाडांवर जाणार. शास्त्रज्ञांनी साफ सांगितलं होतं, "आधी फवारा, मग झाड काढा. न फवारता कापलंत तर कीटक उठून शेजारी जाईल. आणि एकट्यानं फवारून उपयोग नाही. बांधाला बांध लागलेल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात फवारलं पाहिजे."

म्हणजे सांगायला हवं होतं. आणि सांगायचं तर आमच्याकडे बहार झाडावरच विकला जातो. व्यापारी येतो, ओळीओळीनं फिरतो, अंदाज बांधतो आणि सगळा बगीचा एकरकमी घेतो. बाबा म्हणाले, "आता सांगतलं तर गावात होईन. मंग आपला बगीचा कोन घेईन? अन् ते झाडं अजून दोन बार देतीन."

मी ठाण्याहून फोनवर तत्त्व सांगत होतो. बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर होतं, माझ्या नाही. पगारी माणसाला खरं बोलणं स्वस्त पडतं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून मी जोर केला नाही. सौदा होईपर्यंत बाबा गप्प राहिले आणि मीही. दीड-दोन महिने. कामिनी आणताना मला माहीत नव्हतं. या दोन महिन्यांत मला सगळं माहीत होतं. माझ्या हिशेबात हा काळ त्या सहा पिशव्यांपेक्षा जड आहे.

सौदा झाला, फळ उतरलं, पैसे आले. त्या संध्याकाळी बाबा स्वतः उठून काकांकडं गेले. दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा. मी सोबत होतो. चहा झाला. बाबांनी सगळं सांगितलं. झाडं, तपासणी, कामिनी, आणि सौद्यापर्यंत थांबलो हेसुद्धा.

काका बराच वेळ खाली बघत बसले. मग म्हणाले, "माह्याकडे दोन वर्षं झाले, भाऊ. इहिरीजवळचे झाडं. तसेच पिवळे, तसेच कडू. तुले सांगाव म्हनलं होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तूनं आता काहून नाही सांगतलं, तसंच."

बाबा हसले. मला हसू आलं नाही. आम्ही महिनाभर कामिनी की कलमं, कलमं की कामिनी असा खल केला होता, आणि बांधापलीकडं दोन वर्षं तोच रोग उभा होता. कुठून कुठं गेला, ते आता कोणत्याही प्रयोगशाळेतून निघणार नव्हतं. त्या दोन वर्षांत दोन घरांपैकी एकानं जरी बांध ओलांडला असता, तर झाडं कदाचित चारच गेली असती. शेवटी आमची अकरा आणि काकांची त्याहून जास्त गेली. कामिनीसारखीच आमची घरंही बाहेरून ठणठणीत दिसत होती.

त्यानंतर पाच बगीच्यांनी मिळून एकाच आठवड्यात फवारणी केली. आता दर नव्या फुटीला करतात. रोगी झाडं आधी फवारून मुळासकट काढली. नवी कलमं खात्रीच्या, तपासलेल्या मातृवृक्षांच्या डोळ्यांची घ्यायची असं ठरलं, मग ती दोन रुपये महाग का असेनात. सगळेच पाळतात असं नाही. एक-दोघं लपवतातही. पण आता कोणाचं झाड पिवळं पडलं की दुसरा बांधावरून हाक मारून विचारतो, हे नवीन आहे.

कामिनीचं काय करायचं हे बाबांनी मायवर सोडलं. तपासणीत ती सुटली होती. शिक्षा द्यायला गुन्हा नव्हता. माय दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गड्याला फवारा मारायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. मी म्हटलं, "माय, तिच्यात रोग निघाला नाही."

ती म्हणाली, "मले कुठं तिले शिक्षा द्यायची हाये? पोरगं बाळंतिणीच्या खोलीत जाते तं त्याले आपन दारातच थांबवतो ना. ते काय वाईट हाये म्हनून?"

एवढं सरळ मला सुचलं नव्हतं. दूर ठेवणं आणि दोष देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बहुतेक वेळा दोष दिल्याशिवाय दूर ठेवू शकत नाही, आणि दोष द्यायचा नसेल तर दूर ठेवायला लाजतो. तिनं तोडताना झाडाला नाव ठेवलं नाही. शेवटची फुलं देवाला वाहिली. तिथं आता पारिजात आहे. त्याचं कूळ वेगळं, संत्र्याशी नातं नाही. लावण्याआधी मी विचारून घेतलं.

नौपाड्यात परत आलो तेव्हा कुंपण छाटून झालं होतं आणि सगळीकडं कोवळी फूट होती. मी वाकून शेंडे पाहिले. दोन ठिकाणी सायला होताच. सोसायटीच्या सभेत बोलावं का, असा विचार केला. पण इथं कुणाचा बगीचा नाही. आसपास फार तर कुणाच्या गॅलरीत कुंडीतलं लिंबू. वरूडला जे झाड संत्र्याच्या ओळीपासून दूर ठेवायचं, ते नौपाड्यात खुशाल फुलू द्यायचं. झाड तेच, स्वभाव तोच. मी एवढंच केलं की वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, लिंबाची कुंडी कुंपणाजवळ ठेवू नका. आणि खाली एकजण गावी न्यायला फांद्या कापून घेत होते, त्यांना विचारलं, "गाव कोणतं?"

"मोर्शीकडं," ते म्हणाले.

मग आम्ही जिन्यातच बसलो आणि मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते दोन महिनेसुद्धा.

गेल्या पावसाळ्यात माय ठाण्याला आली होती. आता तिला जिना चढवत नाही, दोघांनी धरून आणावं लागतं. एका सकाळी कुंपण फुललं. खुर्ची खाली नेऊन तिला तिथं बसवलं. तिनं डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, "आंबिया बारासारखं वाटते, नाही?"

मी हो म्हटलं. पदरात पडलेल्या पाकळ्या तिनं उठताना तिथंच झटकल्या.